पाचव्या सकाळची जांभळे

मुलांनो, एका डोंगराच्या कुशीत जांभळांची राई होती आणि त्या राईचे मालक होते एक अस्वल. तिथल्या सर्वांत उंच झाडाच्या ढोलीत एक खार राहत असे. अस्वल पडले जाडजूड! बारीक फांदीवर पाय ठेवला, की फांदीसकट खाली! म्हणून दोघांत ठरले होते, की खारीने ढोलीत खुशाल राहावे आणि त्याबदल्यात दर हंगामात चार सकाळी शेंड्यावरची जांभळे खाली टाकावीत.

एका वर्षी अस्वलाच्या पायात काटा मोडला. चार सकाळी संपल्या, तरी बिचारे झाडाखाली कण्हत पडलेले. खारीला कळवळा आला. "मामा, आज माझं काम नाही, पण टाकते हं थोडी," असे म्हणून तिने पाचव्या दिवशीही जांभळांचा सडा घातला. पुढच्या वर्षी पाचव्या सकाळी अस्वल झाडाखाली हजर! "काय गं, आज उशीर?" खार चपापली. पण एका सकाळसाठी कशाला तोंड वाजवा, असा विचार करून तिने मुकाट्याने जांभळे टाकली. इथेच ती चुकली.

तिसऱ्या वर्षी ढोलीत तीन पिल्ले होती, डोळेही न उघडलेली. खारीने चार सकाळी कशाबशा भरल्या, पण पाचव्या दिवशी काही ती पिल्लांना सोडून निघाली नाही. अस्वल गुरगुरले, "काम होत नसेल, तर संध्याकाळच्या आत ढोली रिकामी कर!" एवढ्याशा पिल्लांना घेऊन जायचे कुठे? खार धावत सुटली ती थेट पाणवठ्यावर, म्हाताऱ्या हत्तीकडे. जंगलातले तंटे तोच सोडवी.

हत्तीने अस्वलाला बोलावून घेतले. "दोन वर्षं पाच-पाच सकाळी घेतल्यात मी," अस्वल छाती काढून म्हणाले. "वहिवाटच पडली की! आता तो माझा हक्क."

"त्यानं मागितलं, तेव्हा नाही का म्हणाली नाहीस?" हत्तीने खारीला विचारले.

"वाटलं, उगाच कशाला वाईटपणा घ्या," खार रडवेली होऊन म्हणाली.

"गप्प बसलीस, म्हणून हे इथवर आलं." मग हत्ती अस्वलाकडे वळला. "आणि काय रे, पहिल्या वर्षी पाचवी सकाळ तू मागितली होतीस?"

अस्वल तापट खरे, पण खोटारडे नव्हते. खाली बघत पुटपुटले, "नाही. पाय दुखत होता माझा. तिनंच आपणहून टाकली."

"मग तो हक्क नव्हे, तिची माया होती. ठरल्या चार, त्या चारच. ढोलीला हात लावायचा नाही."

खार जिंकली. पुढच्या हंगामात तिने चार सकाळी चोख काम केले. पाचव्या दिवशी अस्वल सवयीने झाडाखाली आले. शेंड्याला काळीभोर जांभळे लगडली होती. अस्वलाने वर पाहिले, पण मागायला तोंड कुठे उरले होते? खारीचा हात घोसाकडे गेला. तिला वाईट वाटले, फार वाईट वाटले. पण आज दिली आणि उद्या त्याचीच वहिवाट झाली तर? तिने हात मागे घेतला आणि ती ढोलीत निघून गेली.

तात्पर्य : मायेने मिळालेले हक्काने मागू नये, हक्क तर मिळत नाहीच, मायाही आटून जाते.