राखतो म्हणजे काय?

पूर्वेच्या अथांग समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर खेकडे सुखाने नांदत होते, तेव्हाची ही गोष्ट. कुर्ली नावाची थोराड खेकडी त्यांची सरपंच होती.

एके सकाळी शार्क किनाऱ्याशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "कुर्लीताई, त्या मगरीचं काही खरं नाही. मी राखतो तुम्हाला."

दुपारी मगर आली. "ताई, शार्कच्या नादी लागू नका हो! तुम्हाला राखीन तर मीच."

झालं! निम्मे खेकडे शार्ककडे, निम्मे मगरीकडे, आणि नांग्यांना नांग्या भिडल्या. कुर्लीच्या मनात मात्र तो एकच शब्द घोळत राहिला. तिने दोघांनाही एकदमच बोलावलं.

"राखणार म्हणजे राखण करणार, की राखून ठेवणार?"

"मी राखण करणार!" शार्क उसळला. "राखून ठेवील ती ही मगर, भूक लागेपर्यंत!"

"आणि हा? हा तर तेवढाही थांबायचा नाही!" मगर फिस्कारली.

"दोघांचंही पटलं बाई मला," कुर्ली हसून म्हणाली. "आता तुम्ही एकमेकांवरच नजर ठेवा."

तेव्हापासून ते दोघं एकमेकांवर डोळे वटारून बसलेत, आणि बेटाची राखण आयतीच होतेय.