सात गावांचा लांडगा

संस्थानात लांडगे संपत आले, म्हणून राजेसाहेबांनी त्यांना मारायला बंदी केली होती. नव्या दिवाणांना ती उठवायची होती.

"महिन्याभरात सात गावांनी लंगडा लांडगा पाहिला," दिवाणांनी भर दरबारात कागद फडकवले. "म्हणजे सात लांडगे वाढले."

म्हाकू धनगर उठला. "दिवाणसाहेब, सातही लंगडेच?"

"लांडग्यांत लंगडे फार. आणि तुझी कोकरं खातो, त्याची वकिली कशाला करतोस?"

"एखादं कोकरू त्याचं, हे आमच्यात आज्यापासून ठरलेलं आहे. महिनाभर मी मेंढरं घेऊन त्याच सात गावांत फिरलो. तो माझ्या मागं मागं होता. तो सात असेल, तर मीही सात. आज दरबारानंतरच्या पंगतीला माझी सात पानं मांडा."

राजेसाहेब म्हणाले, "पान एकच मांडा, माझ्या शेजारी. बंदी राहील."