झाकणाची पट्टी

पूर्वी भट्टीवर झाकण ठेवलं की ‘धप्’ असा मऊ आवाज यायचा... निजलेल्या लेकराच्या पाठीवर आईचा हात पडावा तसा. रंगनाथने तो ऐकला होता, फकिराच्या तकियात, म्हणजे मठीत, नवा नवा आला तेव्हा. त्याला आता बरीच वर्षं झाली.

आता ‘खट्’ होतं. दगडावर दगड आपटावा तसं.

“मग दोष कुणाचा, बाबा?” त्याने विचारलं. “माझ्या हाताचा, की या भट्टीचा?”

बाबूशा फकीर पायरीवर बसून रताळी धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

भट्टी म्हणजे चिनीमातीचं एक मोठं हिरवं अंडंच. हमरस्त्यावरचं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा मालकाने ती तकियाला देऊन टाकली होती. पोटात कोळसे, त्यावर जाळी, वर जाड झाकण. झाकण आणि काठ यांच्यामध्ये लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याची पट्टी. ती पट्टी धड असली की वारा वाटेल तसा आत शिरत नाही. थोड्या कोळशांवर रताळी निवांत भाजून निघतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर पडतात. पट्टी झिजली की कोळसे भडकतात. रताळी वरून जळतात आणि आत कच्चीच राहतात.

“काल नवी लावलीस ना?” बाबांनी विचारलं.

“लावली. जुनी खरवडून काढली, काठ पुसून घेतला, गोंद लावला. उभा जन्म भट्टीपुढे गेला माझा. मोठमोठ्या पंगती उठवल्यात. पट्टी लावायला मला कुणी शिकवायला नको.”

“नको.”

“तरी सुटते.”

“सुटते,” बाबा म्हणाले.

रंगनाथ उठला. रस्त्याकडे बघून आला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

“एस.टी.ला अजून वेळ आहे,” बाबा म्हणाले. “पायरी झिजेल.”

“आज बाजार. मंदाकडे जाऊन येतो म्हणतो.”

मंदा त्याची एकुलती एक लेक. तालुक्याच्या गावी नवऱ्याबरोबर खानावळ चालवते. खानावळ उघडली त्या दिवशी सासरची माणसं पानावर बसली होती. रंगनाथने रश्शाचा एक भुरका घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “हे जनावरापुढेही ठेवू नये.” वाढता वाढता मंदाचा हात तसाच थांबला होता.

“कशाला जातोस?”

“तिने ते बोलणं मनातून काढलं की नाही, एवढंच विचारून येतो.”

“मागच्या बाजारी विचारलंस.”

“हो.”

“काय म्हणाली?”

“पाण्याचा तांब्या ठेवला... आत गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.”

“आणि त्याच्या आधी, पहिल्यांदा माफी मागितलीस तेव्हा?”

“‘झालं गेलं, अण्णा. हात धुवा, जेवून घ्या,’ म्हणाली.”

“जेवलास?”

“घास उतरेना, बाबा. पान वाढलेलं होतं. मी म्हटलं, आधी खरं सांग... खरंच विसरलीस का?”

बाबांनी शेवटचं रताळं पाण्यातून काढलं. पदराला पुसावं तसं कफनीला पुसलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भट्टीपाशी आले. झाकण बंद होतं.

“चिकटली का पट्टी?”

रंगनाथने लगेच झाकण वर केलं. अंगठ्याने पट्टी दाबली. नखाने तिचं टोक थोडं उचलून पाहिलं. नखाबरोबर गोंदाची बारीक तार आली.

“चिकटलीय,” तो म्हणाला.

टोक वरच राहिलं. त्याने दाबलं, ते पुन्हा वर आलं.

“तू उचलेपर्यंत चिकटलेली होती,” बाबा म्हणाले.

रंगनाथने टोक पुन्हा अंगठ्याने दाबून धरलं.

“कालपासून किती वेळा उचललंस?”

“येता-जाता. बघायला नको का? लोक यायचे. पट्टी बसली नसली तर रताळी वाया जायची.”

बाबांनी बोट ओलं करून ते टोक जागेवर टेकवलं. दोन्ही हातांनी झाकण खाली घेतलं, अगदी हळू. खांद्यावरची घोंगडी काढून झाकणावर टाकली.

मग रताळ्यांची पाटी उचलून पुन्हा पायरीवर येऊन बसले.

शेजारच्या वस्तीवरची म्हातारी गोदूबाई नातवाला दाखवायला आली होती. बाबांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला. ताप पाहिला. मग एक धुतलेलं रताळं म्हातारीच्या हातात दिलं.

तिने ते दाबून पाहिलं. “अगं बया... बाबा, हे तर कच्चंच आहे.”

“आज कच्चंच.”

“भट्टी बिघडली म्हणायची.”

“नाही. निजलीय.”

“तुमचं आपलं कायतरीच,” म्हातारी म्हणाली. तिने रताळं दाताने फोडलं, चावत चावत नातवाला कडेवर घेतलं आणि गेली.

बाबांनीही एक घेतलं. सावकाश चावू लागले.

रंगनाथ घोंगडीकडे बघत उभा होता. त्याचा हात तिच्या काठापर्यंत गेला. मागे आला. पुन्हा गेला. शेवटी त्याने दोन्ही हात काखेत धरले.

खाली वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला.

“आज नाही गेलो,” तो म्हणाला, “तर तिला वाटेल, बापाला काही पडलेली नाही.”

बाबा चावत राहिले.

“आणि गेलो तर...”

एस.टी. थांबली. कुणीतरी उतरलं. दार आपटलं.

रंगनाथ पायरीशी येऊन खाली बसला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“बाबा, एवढंच सांगा. झाकण उचलायचं नाही, तर पट्टी बसली की नाही... हे मला कळणार कसं?”

बाबांनी हातातलं अर्धं रताळं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याची बोटं त्यावर मिटवली.

“काठाला कळेल,” ते म्हणाले. “तुला कशाला कळायला हवं?”

रंगनाथ मूठ तशीच मिटून उठला आणि एस.टी.कडे पाठ करून, विहिरीकडच्या पायवाटेने निघून गेला.