हाकेची पेठ

आज शहरात नदीकाठी हाकेची पेठ आहे ना, तिथे फार फार पूर्वी विणकरांची वस्ती होती. तिला नावसुद्धा नव्हतं. प्रत्येक घरात जमिनीखाली धान्याचं पेव होतं. कोतवालाचा दवंडीवाला लिंबा डफ वाजवत आला, की लोक समजून जात, मागोमाग शिपाई येणार आणि हाताला लागेल त्याला वेठीला नेणार. मग लहानथोर सगळी पेवात उतरत आणि वरून फळी ओढून घेत. लिंबाच्या डफाला त्याची बायको सरजाही घाबरायची. तिलाही एकदा दळणाला धरून नेलं होतं. परतली, ती निम्मी होऊन.

एका श्रावणात भर दुपारी वरच्या तलावाचा बांध फुटला. लिंबा डफ बडवत वस्तीत शिरला.

"पाणी आलं! टेकडीवर चला!"

पण पहिल्या थापेलाच रस्ता ओस पडला. पुढचे शब्द ऐकायला वर होतंच कोण?

म्हातारा भिवबा पेवातूनच ओरडला, "जा रे लिंब्या, आज घरात कुणी नाही!" खाली हशा पिकला.

लिंबाला उमगलं, आपणच यांना खाली घातलं! त्याने डफ दगडावर फोडला आणि दारोदार धावत एकेकाला नावाने हाक मारू लागला. वेठीला धरणारे कधी नाव विचारत नाहीत. लोकांनी ओळखलं, फळ्या सरकल्या.

भिवबा वर आला आणि पाणी पाहून हादरला. "अरे, तुझं घर तर अगदी काठाला. आधी सरजाकडे जा!"

"जातो, आबा. एवढी दारं होऊ देत."

असं सांगतात, की लिंबाची हाक घुमत होती तोवर पाणी काठाशी अडून उभं राहिलं. सगळी वस्ती टेकडीवर चढली. मग लिंबा आपल्या दारी आला. "सरजे" म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. घसा फाटला होता. त्याने फळीला हात घातला. ती हलेना. शिपाईच आलेत असं समजून सरजाने ती आतून जिवाच्या आकांताने धरून ठेवली होती.

अडलेलं पाणी तेवढ्यात सुटलं.

त्या पेठेत अजून डफ, ढोल वाजत नाहीत. मिरवणुका तिथून मुक्याने जातात. नदी चढली, की पेठेतली माणसं घरोघर जाऊन प्रत्येकाला नावाने हाक मारतात. पण त्याआधी सगळ्यात वयस्कर बाई काठावर उभी राहते आणि पाण्याकडे बघून म्हणते, "सरजे, फळी सोड गं. लिंबा आलाय."