पाइपाने रोखलेला श्वास

फार वर्षांपूर्वी एका गावात जमिनीखाली एक म्हातारा लोखंडी पाइप राहायचा. त्याचा एक जोड सुटला आणि वर उंबराखाली पाणी झिरपू लागलं. लोकांना वाटलं, देवीचा झराच फुटला. त्यांनी तिथे हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. पाइप मनातून फुगला.

टेकडीवरच्या वस्तीतला शेवटचा नळ म्हणाला, "दादा, माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही."

"चार थेंबांचं काय घेऊन बसलास? इथे लोक मला हात जोडतात," पाइप म्हणाला.

पाणीखात्याचा तातोबा अधूनमधून गळती शोधायला यायचा. जमिनीवर लोखंडी सळई टेकवून तो तिला कान लावायचा. तेवढा वेळ पाइप श्वास रोखून धरायचा आणि तातोबा तसाच परत जायचा.

एके दिवशी वस्तीतली म्हातारी भागाक्का धापा टाकत टेकडी उतरली. तिने झऱ्यावर घागर भरली, कुंकू वाहिलं आणि हात जोडले. "माय, आमच्या नळाला पाणी येऊ दे. एवढं चढवत नाही गं आता."

पाइपाला शेवटच्या नळाचं बोलणं आठवलं.

पुढच्या वेळी सळई टेकली, तेव्हा त्याने श्वास रोखला नाही. तातोबाने बराच वेळ ऐकलं. मग कुंकू हलकेच बाजूला सारलं आणि कुदळ उचलली.