दोरीवरची चिंधी

"मग माझं चुकलं कुठं, बाबा?"

गावाबाहेरच्या तकियात, आपल्या झोपडीपुढच्या लिंबाखाली बसलेल्या नूरशा फकिराला धनपाल उपाध्ये विचारत होता. पेठेत त्याचं औषधाचं दुकान. शिकलेला, हुशार, आणि ते त्याला ठाऊकही होतं. पण आज पार दमून आलेला. दुकानातला पांढरा कोटसुद्धा अंगावरच राहिलेला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "परत सांग. सावकाश."

"सुभद्राकाकूंना गुडघ्याची नवी गोळी दिली. डॉक्टरांनीच लिहिलेली. तर तोंड सुजलं, अंगभर चट्टे उठले. मी बघताक्षणी गोळी बंद केली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचल्या. पाया पडल्या माझ्या."

"चांगलं केलंस."

"आता तो मारुती गवंडी. तीच गोळी, दुसऱ्या दुकानातली. अंगाची सालं निघतायत त्याच्या... जगतो का नाही, कुणी सांगत नाही."

"काकूंचं तू कुणाला सांगितलं होतंस?"

धनपाल कोटाची बाही दुमडू लागला.

"सांगायची सोय नसंल."

"आहे की. औषध कुणाला बाधलं तर वर सरकारात कळवायचं असतं. फोन केला तरी चालतं." त्यानं कपाळ पुसलं. "पण गोळीनंच झालं याची खात्री कुठं होती? काकूंनी आदल्या दिवशी सुकट खाल्ली होती. उगा बोभाटा केला असता तर डॉक्टर बिघडले असते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर तर दुकान चालतं."

बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

"मी माझं गिऱ्हाईक सांभाळलं, बाबा. दुसऱ्याच्या दुकानाला मी काय करू?"

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "घसा सुकला तुझा. जा, पाणी ओढ."

धनपालनं बादली तकियातल्या विहिरीत सोडली. ओढता ओढता दोरीची एक जागा हाताला लागली. पीळ उसवलेले, धागे सुटलेले. तो थबकला. तेवढी जागा जपून पुढं घेतली. पाणी प्याला, तोंडावर मारलं, बाबांसाठी तांब्या भरला, आणि दोरी होती तशी कठड्यावर ठेवली.

बाबांनी तांब्या घेतला नाही. उठले. गुडघे कटकन वाजले.

"गुडघ्यांवर तुझ्याकडं गोळी असली तर राहू दे हां," ते म्हणाले.

धनपालला हसू आलं नाही.

या विहिरीची रीत जुनी आहे. दोरी विरलेली ज्याला दिसंल, त्यानं तिथं चिंधी बांधायची. मग पुढचा हात सावध होतो, आणि नवी दोरी आणायचं गावाला कळतं. धनपाल इथलंच पाणी पिऊन वाढलेला.

बाबांनी डोक्याच्या फडक्याची कड टर्रकन फाडली आणि कठड्याशी बसले.

"दिसलं होतं मला," धनपाल म्हणाला. "पण तुटेलच असं काही... खात्री..."

तो वाटेकडं बघू लागला.

खालच्या वाटेनं बायका घागरी घेऊन चढत होत्या. पुढची पोटुशी होती. एक हात कमरेवर ठेवून हळूहळू येत होती.

"आता कळवून तरी काय, बाबा? व्हायचं ते झालं."

बाबा विरलेल्या जागी चिंधी बांधत होते. गाठ नीट बसेना. त्यांनी ती सोडली, पुन्हा बांधली, आवळली.

"तुझी तहान भागली ना, बेटा?"