कासवाच्या खुणेची सुरवार

डोंगराला पाठ टेकून एक गाव वसलं होतं. तिथल्या बायका उजाडलं की तळ्याकाठच्या ओट्यावर जमायच्या आणि योगासनं करायच्या. आधी त्या लुगडं नेसूनच वाकायच्या. कुणाचा काष्टा सुटायचा, कुणाचा पदर तोंडावर यायचा, आणि हळूहळू निम्म्याजणी घरीच बसू लागल्या.

हे पाहून गावातल्या सगुणाबाई नावाच्या शिंपिणीनं एक सुरवार आणि एक बंडी शिवली. कापूस गावचा, सूत गावचं, कापडही गावच्याच मागावर विणलेलं. कमरेच्या पट्टीवर तिनं दोऱ्यानं एक छोटं कासव काढलं. बायकांना तो पोशाख आवडला. वर्षं लोटली. ज्या मुलींनी पहिल्यांदा तो घातला, त्या आता नातींना घेऊन सगुणाबाईच्या दारात येत होत्या.

सगुणाबाईची सून मालन परगावची होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. एकदा तिनं सासूला विचारलं, "सासूबाई, आपला कपडा साधा. ना जर, ना चकाकी. तरी बायका पुन्हा पुन्हा इथेच का येतात?"

"मला कुणी सांगितलं नाही," सगुणाबाई म्हणाली. "मीही कधी विचारलं नाही."

मग मालननं गिऱ्हाइकांनाच विचारायला सुरुवात केली. एक म्हणाली, "सवय झाली बाई." दुसरी नुसतीच हसली. तिसरीला तर आपल्या सुरवारीचा रंगही सांगता येईना. मालन आणखीच कोड्यात पडली.

सगुणाबाईची नजर अधू झाली, तेव्हा कामाची सूत्रं मालनच्या हाती आली. त्याच सुमारास राजधानीतून राणीचा निरोप आला. राणीनं बायकांसाठी योगशाळा बांधली होती. तिथल्या सगळ्याजणींसाठी पाडव्यापर्यंत कासवाच्या खुणेचे पोशाख हवे होते. मागावरच्या आणि शिवणावरच्या बायका हरखून गेल्या. पण मालननं हिशेब केला. एवढं कापड तोवर विणूनच होणार नव्हतं.

ही गोष्ट एका व्यापाऱ्याच्या कानावर गेली. तो बैलगाडीभर तयार पोशाख घेऊन दारात आला. दूरदेशी शिवलेले, मऊ, मोरपंखी रंगाचे.

"यावर तुमचं कासव तेवढं काढा आणि पाठवून द्या," तो म्हणाला. "कोण ओळखणार आहे? आणि माझा माल काही वाईट नाही, हात लावून बघा."

मालननं हात लावून पाहिला. माल खरंच वाईट नव्हता.

"आधी आमच्या बायकांना घालून बघू दे," ती म्हणाली. "मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा मोरपंखी झाला. बायका एकमेकींकडे बघून खूश होत्या. मालनला आनंद झाला, पण तिला लगेच घरी जाववेना. ती तळ्याच्या पायरीवर बसून बघत राहिली.

हात वर गेले की बंड्याही वर सरकत. मग एकेक हात हळूच खाली येऊन बंडी ओढून घेई. पुढं वाकताना एकीचा हात कमरेमागं जाई. कुणाचीच तक्रार नव्हती. पण डोळे मिटून बसायची वेळ आली, तेव्हाही कुणी गळा सारखा करत होती, तर कुणी किलकिल्या डोळ्यांनी शेजारणीकडे बघत होती.

शिकवणारी बाई शेवटी म्हणाली, "आज कुणाचं मन लागलं नाही. काय झालंय कोण जाणे."

मालन मात्र पायरीवर एकदम ताठ बसली. सुरवारीचा रंग न आठवणारी ती बाई आता तिला कळली. अंगावर काय आहे याचा तिला विसर पडत होता, म्हणून तर ती पुन्हा येत होती.

मालननं व्यापाऱ्याला गाडी परत न्यायला सांगितली. त्यानं खांदे उडवले आणि तो पुढच्या गावी निघून गेला. तिथं त्याचा माल हातोहात खपला.

घरी मात्र शिवणाऱ्या बायका नाराज झाल्या. त्यांच्यातली गोजरा स्पष्टच बोलली, "राणीचं काम हातचं घालवलंस तू, मालन. उद्या आम्हाला काम नाही उरलं तर कुणाकडे बघायचं?"

आपण चुकलो तर नाही ना, या विचारानं मालनला जेवण गोड लागेना. अखेर ती सगुणाबाईपाशी जाऊन बसली.

"काम तू घालवलंस असं तुला कुणी कळवलं का?" सगुणाबाईनं विचारलं.

"नाही. पण वेळेत होणार नाही हे तर खरंच आहे."

"मग जे खरं आहे तेच जाऊन सांग. निरोप धाडू नकोस, स्वतः जा."

मालन राजधानीत गेली आणि राणीसमोर उभी राहिली. म्हणाली, "राणीसाहेब, सगळे पोशाख पाडव्यापर्यंत होणार नाहीत. दुसऱ्याच्या मालावर आमचं कासव काढायला माझं मन धजत नाही. थोडे देऊ शकेन. ते कुणाला द्यायचे, हे मला ठरवू द्या."

राणीला नवल वाटलं. "कुणाला देणार?"

"जिला वाकणं सगळ्यात अवघड जातं तिला. ती कोण हे अजून मला माहीत नाही. योगशाळेत बसून बघू द्या."

राणीनं परवानगी दिली. मालन कोपऱ्यात बसली. पुढच्या रांगेत सरदारांच्या लेकीसुना होत्या. अगदी मागं, खांबाआड, मुदपाकखान्यातली स्वयंपाकीण उभी होती. अंगानं स्थूल, वयानं उतरलेली. बाकीच्या वाकल्या की ती वाकल्यासारखं करी आणि दोन्ही हातांनी लुगडं घट्ट धरून ठेवी. शिकवणारीचं लक्ष तिकडं कधी गेलंच नव्हतं.

मालन गावी परतली. तिनं पहिला पोशाख त्या स्वयंपाकिणीचा शिवला. हात वर गेले तरी बंडी ओढली जाऊ नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा घातला, कंबर सैल ठेवली, गुडघ्याशी दुहेरी कापड लावलं. जेवढे झाले तेवढे घेऊन ती पाडव्याला योगशाळेत हजर झाली.

आसनं सुरू झाली. नवी सुरवार घालून स्वयंपाकीण वाकली. प्रथमच तिचे दोन्ही हात मोकळे होते. तळवे जमिनीला टेकले, तेव्हा ती तशीच थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि खांबाआडून निघून सरळ पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. शेजारी सरदाराची सून होती. तिनं बाजूला सरकून तिला जागा दिली.

राणी हे बघत होती. मालनला जवळ बोलावून ती म्हणाली, "बाकीच्या थांबतील. तुम्ही सावकाश शिवा."

त्या वर्षी गावात नवे माग बसले, आणि पहिल्या मागावर गोजराची लेक बसली.

तात्पर्य: खूण कशावरही काढता येते, नाव टिकतं मात्र समोरच्या माणसाची अडचण ओळखून केलेल्या कामावर.